चौथी सीट: दिव्यांगता आणि मानसिक आजार असलेल्या कुटुंबांना चर्चमध्ये सामावून घेणे म्हणजे नेमके काय?

10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन किंवा 3 डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन जवळ आला की ठाणे आणि नवी मुंबईतील चर्चच्या प्रवचनांत आणि सूचनाफलकांवर एक शब्द हमखास येतो: समावेशन. मग दाराशी उतार बांधला जातो, पुढच्या बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी जागा मोकळी ठेवली जाते, आणि वर्ष उलटल्यावर समितीच्या बैठकीत कोणीतरी थोड्या तक्रारीच्याच सुरात म्हणते की एवढे करूनही ती कुटुंबे काही येत नाहीत. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. उतार बांधूनही माणसे का येत नाहीत, हे कोडे त्याला खरोखरच पडलेले असते.

या लेखात ते कोडे उलगडण्याचा प्रयत्न आहे. माझे म्हणणे एवढेच की ही कुटुंबे पायऱ्यांपाशी क्वचितच अडतात. ती अडतात प्रार्थनेला बसलेल्या माणसाने कसे वागावे याविषयीच्या आपल्या अलिखित अटींपाशी, आणि आपण कोणाच्या घरी जातो व कोणाच्या घरी जात नाही, त्या सवयीपाशी.

आधी थोडे त्रैराशिक

2011 च्या जनगणनेनुसार भारतात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य कोणताही उपचार घेत नव्हते. ही सरासरी चार हजार भाविकांच्या एखाद्या धर्मग्रामाला (कॅथलिक मंडळी एका चर्चच्या कार्यक्षेत्राला धर्मग्राम म्हणतात) लावली, तर तेथे 88 दिव्यांग व्यक्ती असायला हव्यात. प्रौढांची संख्या तीन हजार धरली, तर मानसिक विकार असलेले तीनशेहून अधिक. ही प्रत्यक्ष गणना नव्हे, कागदावरचा हिशेब आहे. तरीही मागच्या रविवारी यांपैकी किती जण दिसले, असे प्रत्येकाने आठवून पाहावे.

काही जण आलेले असतात, पण ओळखू येत नाहीत. 1995 च्या कायद्यात दिव्यांगतेचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने ते 21 केले. त्यांत स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता, पार्किन्सन आणि मानसिक आजारही आहेत, आणि यांतील बऱ्याच गोष्टी वरून पाहून कळत नाहीत.

येथे दोन गोष्टींतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण बोलीभाषेतील ‘वेडा’ हा एकच शब्द दोन्हींना चिकटवला जातो. बौद्धिक दिव्यांगतेत आकलनाची वाढ लहानपणापासूनच मर्यादित राहते. तो आजार नाही, त्यामुळे तो ‘बरा’ करण्याचा प्रश्नच येत नाही. मानसिक आजार कोणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो, तो चढतो-उतरतो, आणि बहुतेक वेळा उपचारांनी आटोक्यात येतो. पहिल्या बाबतीत कुटुंबाला आयुष्यभराची सोबत लागते, तर दुसऱ्या बाबतीत मध्यरात्रीही फोन करता येईल असे कोणीतरी लागते. चर्चने दोघांसाठी एकच उपाय योजला, तर तो दोघांनाही पुरत नाही.

उतार चढून आत आल्यावर

रविवारच्या उपासनेकडे क्षणभर परक्याच्या नजरेने पाहा. तासभर एका जागी बसायचे. ठरलेल्या क्षणी उठायचे, गुडघे टेकायचे. ध्वनिवर्धकाचा, ऑर्गनचा आणि घंटेचा आवाज सोसायचा. धूप सहन करायचा. शांतीचे अभिवादन करताना अनोळखी माणसाचा हात हातात घ्यायचा. आणि प्रवचन चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. या अटी कोणीही दारावर लिहून लावलेल्या नाहीत, पण त्या मोडणाऱ्याकडे माना वळतात.

स्वमग्न मुलाला या अटी का जड जातात, हे ठाणेकराला समजावणे फार अवघड नाही. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्थानकाच्या पुलावर उभे राहिले की उद्घोषणा, गाड्यांचे भोंगे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि मागून येणारे धक्के हे सारे एकदम अंगावर येते. आपला मेंदू त्यातून नको ते गाळतो आणि आपल्या गाडीची उद्घोषणा तेवढी ऐकतो. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत ही गाळणी वेगळ्या रीतीने चालते. त्यांच्यापर्यंत सगळेच आवाज, प्रकाश आणि वास पूर्ण ताकदीनिशी पोहोचतात. मग मूल कानांवर हात ठेवते, ओरडते किंवा पळत सुटते. ते हट्ट करत नसते, त्याला तेथून सुटका हवी असते. आई त्याला उचलून बाहेर नेते, पुढचा अर्धा तास आवारातील झाडाखाली काढते, आणि असे चार रविवार झाले की पाचव्या रविवारी घरीच थांबते. वडील धाकट्या मुलीला घेऊन काही महिने येत राहतात, आणि पुढे तेही थांबते. बाहेर पडतो तो एक मुलगा नव्हे, अख्खे कुटुंब. म्हणून या विषयात ‘व्यक्ती’पेक्षा ‘कुटुंब’ हा शब्द मला अधिक अचूक वाटतो.

हे केवळ अनुमान नाही. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समाजशास्त्रीय अभ्यासानुसार, स्वमग्न मुले प्रार्थनास्थळी कधीच जात नसण्याची शक्यता इतर मुलांच्या जवळजवळ दुप्पट होती. नैराश्य आणि वर्तनविकार असलेल्या मुलांबाबतही असेच आढळले. मात्र दमा किंवा मधुमेह यांसारख्या शारीरिक व्याधींमुळे उपस्थितीत असा फरक पडलेला दिसला नाही. तो देश वेगळा आणि तेथील चर्चही वेगळे. पण ज्या व्याधीत मुलाचे वागणे अपेक्षेबाहेर जाते तीच व्याधी कुटुंबाला दाराबाहेर ठेवते, हे निरीक्षण कळव्यालाही लागू पडते आणि कोपरखैरण्यालाही.

यात एक गंमतीची बाब आहे. उपासनाविधी ठरलेला असतो, दर रविवारी तेच शब्द त्याच क्रमाने येतात, आणि हीच पुनरावृत्ती स्वमग्न व्यक्तीला सर्वाधिक आश्वस्त करते. इतरांना जे कंटाळवाणे वाटते तेच येथे उपयोगी पडते. मिस्सेचा (कॅथलिक उपासनाविधीचा) क्रम चित्रांत दाखवणारे चार पानी घडीपत्रक घरी आधी दाखवले, चर्च रिकामे असताना मुलाला दोन-तीनदा आत फिरवून आणले, दाराजवळचा बाक अशा कुटुंबासाठी ठेवला आणि ध्वनिवर्धक थोडा खाली आणला, तर अर्धी वाट सरते.

मग वेगळी मिस्सा ठेवली की झाले?

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो वाजवी आहे. उत्तरासाठी लोकलकडे पाहू. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, आणि तो हवाच. त्याच्याशिवाय गर्दीच्या वेळी अनेकांना प्रवासच करता येणार नाही. पण त्या डब्यात घरचे सगळे चढू शकत नाहीत. दुसरी पद्धत आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे: तिघांच्या बाकावर चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो, आणि तिघे सरकतात. बाक तेवढाच राहतो, रेल्वे त्यासाठी काही खर्च करत नाही, आणि चौथा माणूस अर्धाच टेकलेला असला तरी त्याच बाकावरचा होतो.

वर्षातून एकदा होणारी विशेष मिस्सा, व्याधिग्रस्तांचा आशीर्वाद किंवा नाताळचे स्वतंत्र स्नेहसंमेलन हा राखीव डबा आहे. तो जरूर जोडावा, पण चौथ्या सीटची गरज त्याने भागत नाही. मुलाने गायकवृंदात शेवटच्या ओळीत उभे राहून टाळ्या वाजवणे, अर्पणाच्या वेळी ताटली घेऊन जाणे, बहिणीने धर्मशिक्षणाच्या वर्गात निवांत बसणे आणि आईने एक अख्खे प्रवचन ऐकणे, हे ज्या रविवारी घडते त्या रविवारी ते कुटुंब चर्चचे असते. त्यासाठी लागतो एक सोबती, म्हणजे मुलाच्या ओळखीचा, नेमाने येणारा एक प्रशिक्षित स्वयंसेवक. प्रशिक्षण आपल्या शहरांत मिळू शकते: वाशीला दिव्यांगांसाठी महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र आहे, ठाण्यात विशेष मुलांसाठी महापालिकेची जिद्द शाळा आहे. तेथील शिक्षकांना एका शनिवारी बोलावता येईल.

फ्रान्समधील एका जोडप्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्यांचे दोन्ही मुलगे तीव्र बौद्धिक दिव्यांग होते. लूर्द या मरियामातेच्या तीर्थक्षेत्राच्या सामुदायिक यात्रेत त्यांना सामील करून घेतले गेले नाही, कारण इतर यात्रेकरूंना त्रास होईल. ते स्वतःच गेले, तर हॉटेलने त्यांना जेवण खोलीतच घ्यावे अशी अट घातली. त्या अनुभवातून 1971 च्या ईस्टरला अशा कुटुंबांची एक यात्रा निघाली, तीत सुमारे बारा हजार लोक होते, आणि तिच्यातून ‘फेथ अँड लाइट’ ही चळवळ उभी राहिली.

इतरांच्या प्रार्थनेत व्यत्यय येतो, त्याचे काय?

येतो, हे मान्य करायला हवे. पण तान्ही मुले रडतात, वृद्ध खोकतात, आणि प्रवचनाच्या ऐन मध्यावर कोणाचा तरी फोन वाजतो. तो व्यत्यय आपण सवयीने पचवतो. ओळखीचा आवाज व्यत्यय वाटत नाही, म्हणून पहिल्या रविवारी धर्मगुरूंनी दोन वाक्यांत त्या कुटुंबाची (त्यांना विचारून) ओळख करून देणे पुरेसे ठरते. कायद्यातही याला आधार आहे. 2016 च्या अधिनियमातील ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत धार्मिक कारणासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात. ‘वाजवी सोय’ म्हणजे समोरच्यावर बेसुमार भार न टाकता करता येण्याजोगा बदल, असा अर्थही त्या अधिनियमातून निघतो.

त्याला यातले काही कळते का?

हा आक्षेप सहसा पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मुलाला प्रथमच ख्रिस्तप्रसाद (आशीर्वादित भाकर) देण्याच्या वेळी पुढे येतो. धर्मशिक्षणाचे प्रश्न त्याला पाठ नाहीत, दहा आज्ञा म्हणता येत नाहीत, मग ख्रिस्तप्रसाद कसा द्यायचा? कॅथलिक परंपरेत याचे उत्तर लोकांना वाटते त्यापेक्षा मोकळे आहे. पोप दहावे पायस यांच्या 1910 च्या आदेशाने लहान मुलांसाठी निकष ठरवला तो असा: ही भाकर रोजच्या भाकरीसारखी नाही, एवढा भेद कळला म्हणजे पुरे. तो भेद शब्दांतच सांगितला पाहिजे असे नाही. वेदीसमोर येताच शांत होणारा, हात जोडणारा मुलगाही तो सांगतच असतो. धर्मशिक्षण दिव्यांगांच्या कुवतीनुसार द्यावे, हे 1983 च्या धर्मविधिसंहितेत (कॅथलिक चर्चच्या कायदेसंग्रहात) धर्मगुरूचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ज्याला घास गिळता येत नाही त्याला गरजेपोटी केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रसाद देण्याची मुभाही तीत आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे नियम पंथागणिक बदलतात, पण पाळकांपुढे येणारा प्रश्न तोच असतो. माझे मत विचाराल तर, या प्रश्नाला निबर मनाने ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी स्वतःला सगळे कळते का, हेही कधी तपासावे.

‘ठाण्याला पाठवा’

आता अधिक अवघड भागाकडे येऊ. ठाण्यात राहणाऱ्याला एक थट्टा जन्मभर ऐकावी लागते. कोणी विचित्र वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, कारण येथे 1901 पासून मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी चार शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही इतर तीन. ज्या शहराच्या नावाचीच अशी थट्टा होते, त्या शहरातील कुटुंबाने मुलाचा स्किझोफ्रेनिया किंवा आईचे नैराश्य शेजाऱ्यांपासून लपवले तर नवल काय?

शरीराच्या आणि मनाच्या आजारात चर्चमध्ये होणारा फरक जेवणाच्या डब्यावरून ओळखता येतो. कोणाचा पाय मोडला, बाळंतपण झाले, कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तर भगिनी मंडळातून आळीपाळीने जेवणाचे डबे जातात, मिस्सेत नाव घेऊन प्रार्थना होते, धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी येतात. त्याच घरात कोणी मनोविकाराने रुग्णालयात दाखल झाले की एकही डबा जात नाही. यात दुष्टपणा नसतो. काय बोलावे हे सुचत नाही, आणि विचारले तर त्यांना वाईट वाटेल असे वाटते. आमच्याच ओळखीच्या एका घरी तीन महिने कोणी फिरकले नाही, आणि आम्हीही त्यांतलेच होतो. नंतर त्या घरच्या बाई म्हणाल्या, “काही बोलू नका हो, नुसती पोळीभाजी आणून ठेवली असती तरी चालले असते.”

या मौनाच्या मुळाशी एक समजूत आहे: श्रद्धा पक्की असेल तर मन खचत नाही, आणि खचलेच तर कोठेतरी पाप आहे. बायबलच ती समजूत खोडते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तर त्याला उपदेश मिळाला नाही. आधी झोप मिळाली, भाकर आणि पाणी मिळाले, पुन्हा झोप मिळाली, आणि संभाषण फार पुढे झाले. मनोविकारतज्ज्ञही पहिल्या भेटीत झोप आणि भूक यांचीच चौकशी करतात.

प्रार्थनेने बरे होणार असेल तर गोळ्या कशाला, असे विचारणारे भेटतात. मधुमेह असलेला भाविक प्रार्थना करतो आणि इन्सुलिनही घेतो. त्यात त्याला विसंगती वाटत नाही. मनाच्या आजाराला वेगळा न्याय का? औषध एकाएकी बंद केल्याने आजार उलटतो, आणि तो उलटला की प्रार्थना कमी पडली असे म्हणून रुग्णालाच दोष दिला जातो. भूतबाधेच्या प्रश्नावर कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण स्पष्ट आहे: मानसिक आजार ही निराळी बाब असून तिचे उपचार वैद्यकशास्त्राने करायचे, आणि बिशपांच्या खास परवानगीवाचून कोणीही बाधा काढण्याचा विधी करायचा नाही. शिवाय भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग तो कोणत्याही धर्माच्या आवारात घडो.

आत्महत्येने गेलेल्याच्या घरी तर दुहेरी शांतता असते. 1917 च्या धर्मविधिसंहितेत अशा व्यक्तीला चर्चचा अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती; 1983 च्या संहितेतून तो उल्लेख गेला, आणि गंभीर मानसिक त्रासामुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते असे आजची शिकवण सांगते. चाळीस वर्षे झाली तरी अनेक घरांत अजून जुनाच नियम धाकात ठेवतो. धर्मगुरूंनी हा बदल व्यासपीठावरून एकदा स्पष्ट सांगण्यासारखा आहे. त्याच वेळी टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा शासकीय मोफत क्रमांक सूचनाफलकावर लावता येईल. तेथे मराठीतही बोलता येते.

हे डॉक्टरांचे काम, चर्चचे नव्हे

उपचार हे डॉक्टरांचेच काम. चर्चने समुपदेशनाचा आव आणू नये. उत्साही पण अप्रशिक्षित सल्लागारांनी केलेले नुकसान मी पाहिले आहे. पण डॉक्टरांची भेट महिन्यातून अर्धा तास असते आणि उरलेला महिना कुटुंबाला काढायचा असतो. त्या महिन्यात कोणीतरी दोन तास घरी बसले तर आईला बाजारात जाता येते. ठाण्यात 1990 पासून काम करणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या संस्थेपर्यंत पहिल्यांदा जाताना कोणी सोबत आले तर पाऊल उचलते. चर्चच्या हातात आहे ते एवढे, आणि ते थोडे नाही.

धोक्याविषयी दोन शब्द. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसे हिंसक नसतात. उलट त्यांच्यावरच अन्याय होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून खबरदारी घ्यायची ती त्यांच्यासाठी: कोणताही स्वयंसेवक मुलासोबत किंवा असहाय प्रौढासोबत एकटा राहणार नाही, नेहमी दोघे असतील. बौद्धिक दिव्यांगांसोबत राहण्याच्या चळवळीचे जगप्रसिद्ध प्रवर्तक आणि ‘फेथ अँड लाइट’चे सहसंस्थापक जाँ व्हानिए यांनी अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे त्यांच्याच संस्थेच्या चौकशीत 2020 मध्ये उघड झाले. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या, पण साधुत्वाच्या कीर्तीवर विसंबून नियम सैल सोडता येत नाहीत, हे त्यातून कळले.

आमच्या माघारी याचे कसे?

मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांच्या मनात हा एकच प्रश्न उरतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी असलेली स्थानिक समिती सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते, आणि निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. दिव्यांगतेचे यूडीआयडी ओळखपत्र काढणे, पालकत्वाचा अर्ज भरणे, मृत्युपत्र करणे, यांत कुटुंबांची दमछाक होते. धर्मग्रामात वकील असतात, लेखापाल असतात, शासकीय कार्यालयातून निवृत्त झालेली जाणती माणसे असतात. महिन्यातील एका रविवारी मिस्सेनंतर सभागृहात त्यांनी एक टेबल टाकून बसायचे, एवढ्याने बरेच काम होईल.

पालकत्वाच्या अर्जात आणखी एक गोष्ट आहे. आईवडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या कोणत्याही व्यक्तीचे नाव पालक म्हणून सुचवू शकतात. ती रक्ताच्याच नात्यातील असली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. कळव्यातील एका आईने तो अर्ज भरून आणला होता, फक्त नावाचा रकाना तेवढा कोरा होता. चर्चमध्ये वीस वर्षे येत होत्या, आणि कोणाचे नाव लिहावे हे त्या मला विचारत होत्या.